गुळाचं सोवळं

जन्मभर गोड खाल्लेला माणूस गोड सोडत नाही. तो फक्त साखर सोडतो. मग घरात गुळाचा चहा होतो, लाडू खजुराचे वळले जातात आणि सकाळच्या कोमट पाण्यात मध पडतो. साखर म्हणजे विष आणि गूळ म्हणजे संस्कृती, अशी ही वाटणी. वास्तविक दोन्ही निघतात एकाच उसातून, आणि गुळातही मोठा वाटा सुक्रोजचाच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिवसाच्या उष्मांकांपैकी १० टक्क्यांहून कमी वाटा मुक्त शर्करेचा असावा असं सांगितलं, तेव्हा मध आणि फळांचा रसही त्यातच मोजला. (खजूरवाल्यांनी एवढ्यात हसू नये.)

यावर उत्तर तयार असतं: गुळात लोह असतं. असतं की! पण ते पुरेसं मिळायला जेवढा गूळ खावा लागेल, तेवढ्यात लोहाआधी वजन वाढेल. दुसरा दाखला आजोबांचा. ते पुरणपोळ्या रिचवत, हे खरं. पण त्या सणावारी होत, आणि उरलेलं वर्ष शेतात राबण्यात जाई. नातवाच्या वाट्याला पोळ्या आल्या, नांगर नाही. रक्ततपासणीच्या अहवालात साखर आणि गूळ असे वेगळे रकाने नसतात.