बाहेर बसण्याची परवानगी

अमेरिकेला जाऊन आलेला माणूस नायगाऱ्यावर बोलायला लागला की अर्धा तास आवरत नाही. माझीही तयारी तीच होती. रेनकोट तर कोल्हापुरातूनच घेऊन गेलो होतो. पण प्रत्यक्षात मी पाहून आलो तो मॅसॅच्युसेट्समधल्या एका छोट्या गावचा टाऊन हॉल, आणि त्यातही मुख्यतः तळमजल्यावरची बांधकाम परवान्याची खिडकी. धबधबा काय, बारा महिने पडतोच. दाजींचं परमिट मात्र जमीन गोठायच्या आत मिळायला हवं होतं.

ताई आणि दाजी बॉस्टनच्या पश्चिमेला राहतात. घर दुमजली, लाकडी. मागे हिरवळ आणि हिरवळीमागे झाडी. स्वयंपाकघरातून मागे जायला काचेचं सरकतं दार आहे आणि त्या दाराबाहेर काहीही नाही. पूर्वी तिथे डेक होता, म्हणजे खांबांवर उभा केलेला लाकडी, उघडा सोपा. तो कुजला, पाडला, आणि दार तेवढं अधांतरी राहिलं. पाऊल टाकलं की माणूस तीन फूट खाली. म्हणून दाजींनी दाराला आडवी फळी मारून ठेवली होती.

"या फळीमागून हिरवळ बघायची म्हणजे शिक्षा झालीय मला," ताई म्हणाली.

"त्यात काय, चार खांब रोवा आणि वर फळ्या ठोका," मी म्हणालो. "दोन दिवसांचं काम. मी आहे की."

दाजींनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "पाव्हणं, परमिट लागतं."

"होता तसाच परत करायचा तरी?"

"तरी."

"स्वतःच्या जागेत?"

"स्वतःच्या जागेतच लागतं. दुसऱ्याच्या जागेत इथं कुणी बांधत नाही."

आमच्या अपार्टमेंटमधल्या एकूण एक बाल्कन्या आज बेडरूम आहेत. कुणी लोखंडी ग्रिल लावलं, कुणी सरकत्या काचा बसवल्या, एकाने तर बाल्कनीत देवघर केलं. आता ते पाडायला कोण येणार? बाहेरचं आत घेण्यात आमची हयात गेली. इथे मात्र आतल्या माणसाला बाहेर बसायचं होतं आणि त्यासाठी सरकारची सही हवी होती.

तशी सूट आहे, नाही असं नाही. अमेरिकेतली बहुतेक राज्यं ज्या नमुना संहितेवरून आपले नियम करतात, तिच्यात लिहिलंय की डेक दोनशे चौरस फुटांहून मोठा नसेल, जमिनीपासून तीस इंचांहून उंच नसेल, घराला जोडलेला नसेल आणि घराच्या मुख्य बाहेर पडायच्या दाराशी नसेल, तर परमिट नको. दाजींनी हे कलम मला दोनदा मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांचा डेक घराला जोडलेलाही होता आणि तीस इंचांहून उंचही. सूट मिळवायची तर बागेच्या मधोमध पाट मांडून बसावं लागलं असतं.

टाऊन हॉलमध्ये शिरल्याबरोबर मी सवयीने विचारलं, "दाजी, आपली इथं ओळख कुणाशी?"

"सगळ्यांशी. कुणालाच त्याचं काही नाही."

खिडकीतल्या बाईंनी हसून स्वागत केलं आणि एक कागद दिला. त्यावर सह्यांचे रकाने होते. पहिला झोनिंगचा: कुंपणापासून डेक किती अंतरावर, त्याचा नकाशा. दुसरा आरोग्य खात्याचा. बसायच्या जागेचा आणि आरोग्याचा संबंध काय, हे मला कळेना. दाजींनी समजावलं की त्यांच्या भागात गटार नाही, प्रत्येकाच्या अंगणात मैल्याची टाकी पुरलेली असते, आणि डेकचा खांब टाकीच्या झाकणावर उभा राहू नये अशी खात्याची माफक अपेक्षा असते. अपेक्षा मला एकदम पटली. तिसरा रकाना पर्यावरण समितीचा. तो बघून दाजींचा चेहरा उतरला.

"डबकं," ते म्हणाले.

ताईच्या झाडीत एक डबकं आहे. बर्फ वितळलं की भरतं, ऑगस्टपर्यंत आटतं. आपल्याकडे असल्या डबक्यात फवारणी करतात. मॅसॅच्युसेट्समध्ये १९७२ पासून पाणथळ जागांचा कायदा आहे आणि पाणथळीच्या कडेपासून शंभर फूट त्याच्या नजरेत येतात. हिरवळीवरचा डेक पन्नास फुटांपलीकडे असेल तर माफ. आमचा कोपऱ्यातला खांब त्रेचाळीस फुटांवर येत होता. एक तज्ज्ञ बाई येऊन, माती हुंगून, झुडपं तपासून, डबक्याच्या कडेने नंबर घातलेल्या गुलाबी फिती बांधून गेल्या. बिल डबक्याच्या नव्हे, दाजींच्या नावाने आलं.

मग संध्याकाळी सभा. वर्तमानपत्रात जाहिरात झाली होती, शेजाऱ्यांना पत्रं गेली होती. समितीत गावातलीच माणसं, बिनपगारी. एक निवृत्त शिक्षक, एक वकीलबाई, एक तरुण चक्क सायकलचं हेल्मेट मांडीवर घेऊन बसलेला. शनिवारी सकाळी गमबूट घालून ही सगळी मंडळी ताईच्या परसात येऊन डबक्याकडे बघून गेली होती. मोठ्या आस्थेने बघितलं होतं. ताईने पोहे केले होते, पण ते कुणी डबक्याकडे पाठ केल्याशिवाय खाईना.

दाजींनी नकाशा मांडला. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक वृद्ध शेजारीण उठल्या. म्हटलं, आली तक्रार. बाईंनी विचारलं, "डेकला दिवे असणार का? सॅलॅमँडरना त्रास होईल."

सॅलॅमँडर म्हणजे पालीसारखा दिसणारा, पण बेडकाच्या कुळातला जीव. काळा, अंगावर पिवळे ठिपके, वीतभर लांब. वर्षभर जमिनीखाली असतो आणि वसंतात पहिल्या उबदार पावसाच्या रात्री बाहेर पडून थेट आपल्या डबक्याकडे चालायला लागतो. अशी आटणारी डबकीच त्याला हवीत, कारण त्यांत मासे तग धरत नाहीत आणि मासे नसले की अंडी वाचतात. त्या रात्री या शेजारीणबाई रेनकोट घालून, बॅटरी घेऊन रस्त्यात उभ्या राहतात आणि गाड्या थांबवतात. याच राज्यात ॲम्हर्स्ट नावाचं गाव आहे, तिथे १९८७ साली या प्राण्यांसाठी रस्त्याखालून बोगदे बांधले. आमच्या गल्लीसमोर माणसांसाठी भुयारी मार्ग व्हावा म्हणून मी स्वतः निवेदनावर सही केलेली आहे. वीतभर लांब आणि पिवळ्या ठिपक्यांचा असतो तर काम झालं असतं.

"दिवे नाहीत," दाजी ठामपणे म्हणाले. समितीने डबक्याच्या बाजूला पेंढ्याच्या वळकट्या अंथरायची अट घातली, म्हणजे खणलेली माती पाण्यात जाणार नाही. हात वर झाले आणि अध्यक्षांनी निकाल सांगितला: "निगेटिव्ह." ताईने पदर नसताना डोळ्याला पदर लावायची खूण केली. दाजी हळूच म्हणाले, "अगं, निगेटिव्ह म्हणजे पास. तुमच्या कामाला हा कायदा आडवा येत नाही, असा त्याचा अर्थ. आपल्या वयात रिपोर्ट निगेटिव्हच चांगला."

आता उरली मूळ खिडकी. दाजींनी डेकचं चित्र आलेखाच्या कागदावर स्वतः काढलं होतं. घरमालकाला स्वतःच्या घराचं काम स्वतःच्या जबाबदारीवर करता येतं, त्याचा वेगळा फॉर्म असतो. आणखी एक फॉर्म कामगारांच्या विम्याचा. त्यात "मी सगळं काम स्वतः करतो, हाताखाली कुणी नाही" या चौकोनात दाजींनी खूण केली आणि माझ्याकडे बघितलं. मी पर्यटक व्हिसावर होतो. मेहुणा मजुरात धरतात की नाही, यासाठी चौकोन नव्हता.

चित्र परत आलं. लाल शाईत एकच शेरा: घराच्या भिंतीला डेकची पट्टी कशाने जोडणार?

"खिळ्यांनी!" मी म्हणालो. "हे काय विचारणं झालं?"

दाजी एरवी थट्टेवारी नेणारे, पण त्या वेळी हसले नाहीत. २९ जून २००३ च्या रात्री शिकागोत लिंकन पार्क भागात एका पार्टीत लाकडी पोर्च कोसळला, मजल्यावर मजला आला आणि तेरा तरुण माणसं गेली, हे त्यांनी सांगितलं. डेक पडतात ते बहुतेक या भिंतीच्या जोडापाशी. खिळा खाली दाबणारं ओझं पेलतो, पण डेक भिंतीपासून बाहेर ओढला गेला की सरळ निसटून येतो. शिवाय भिंत आणि पट्टी यांच्या फटीत पाणी मुरून लाकूड कुजतं ते वेगळंच. म्हणून तिथे आरपार बोल्ट हवेत आणि फटीवर पत्र्याची पन्हळ हवी. दाजींनी बोल्ट काढून दाखवले, मोजून, अंतरासकट. त्यानंतर मी त्या लाल शाईला काही बोललो नाही.

परमिट आलं. पुठ्ठ्याचा कागद, रस्त्यावरून दिसेल असा खिडकीला लावायचा. ताईने त्याच्याखाली उदबत्ती लावली नाही, एवढंच.

खणायच्या आधी ८११ ला फोन करायचा असतो. मग कंपन्यांची माणसं येऊन जमिनीखाली काय काय पुरलंय ते वर रंगाने दाखवून जातात: विजेला लाल, गॅसला पिवळा, फोनला नारिंगी, पाण्याला निळा. दोन दिवसांत ताईच्या हिरवळीवर रंगपंचमी होऊन गेली, आणि आमच्या फावड्यांना उरली एक चिंचोळी हिरवी पट्टी.

खड्डा किती खोल? चार फूट. इकडे थंडीत जमीन गोठते. मातीतलं पाणी बर्फ होताना फुगतं आणि वर जे असेल ते उचलतं. पाया गोठणाऱ्या थराच्या खाली गेला नाही तर वसंतात डेक वाकडा आणि दार घट्ट. कागदावर हे सगळं सुंदर आहे. पण न्यू इंग्लंडची जमीन हिमनद्यांनी आणून टाकलेल्या धोंड्यांची आहे. फावडं मारलं की खण्ण. इथल्या रानारानांतून जुन्या दगडी ताली दिसतात, त्या जुन्या शेतकऱ्यांनी हौसेने बांधल्या असतील असं मला आल्या दिवशी वाटलं होतं. खणताना कळलं की त्या बिचाऱ्यांना दगड ठेवायला दुसरी जागाच नव्हती.

खड्डे उघडे असताना इन्स्पेक्टर येतो. त्याने बघितल्याशिवाय काँक्रीट ओतायचं नाही. आमचा इन्स्पेक्टर म्हणजे कानावर पेन्सिल ठेवलेला, बोलण्याची काटकसर करणारा माणूस. आमच्याकडे कुठलाही साहेब आला की पहिली दहा मिनिटं आडनाव आणि गाव जुळवण्यात जातात. याने नाव विचारलं नाही, कुठून आलात विचारलं नाही. खड्ड्यात टेप सोडली. तिसऱ्या खड्ड्यात पंचेचाळीस इंच. खाली धोंडा होता.

"खडक आहे," दाजी म्हणाले. अखंड खडक लागला तर त्यात सळई बसवून भागतं, हे त्यांनी वाचून ठेवलं होतं.

इन्स्पेक्टरने गाडीतून पहार आणली, खड्ड्यात सोडली आणि दोनदा आपटली. कान देऊन ऐकलं. मग पहार तिरकी करून रेटली.

"हलतो," तो म्हणाला. "काढा."

तो धोंडा बाहेर आला तेव्हा मैल्याच्या टाकीच्या झाकणाएवढा निघाला. आता तो ताईच्या गुलाबांशेजारी आहे आणि पाहुणे त्याचं कौतुक करतात.

लाकूड आणायला गेलो तर दुकानात दोन बाय दहाची म्हणून दिलेली तुळई टेपवर दीड बाय सव्वानऊ भरली. मी भांडायला निघालो होतो. दाजींनी दंड धरला. रंधून झाल्यावर उरतं ते माप, आणि नाव मात्र रंधायच्या आधीचं. साऱ्या देशात असंच विकतात, कुणी काही म्हणत नाही. सॅलॅमँडरच्या झोपेची काळजी करणारा देश पाऊण इंच असा सोडून देतो, हे मला अजून झेपलेलं नाही.

शेवटच्या तपासणीला इन्स्पेक्टरच्या हातात एक चेंडू होता. चार इंच व्यासाचा. कठड्याच्या दोन गजांमधून तो आरपार जाता कामा नये, कारण गेला तर लहान मुलाचं डोकं अडकू शकतं. त्याने चेंडू दहा-बारा फटींत लावून बघितला, गुडघ्यावर बसून, एका डोळ्याने. मग पायऱ्या. सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत बुटकी पायरी यांत तीन अष्टमांश इंचांहून जास्त फरक नको. म्हणजे तीन सूत! आमच्या वाड्यातल्या जिन्यात दोन पायऱ्यांमध्ये वीतभर फरक आहे आणि त्यावरून चार पिढ्या काळोखात चढल्या. ताईची खालची पायरी चार सूत कमी भरली. दाजींनी पायथ्याची फरशी उचलली, खालची वाळू काढली, फरशी परत बसवली. तोवर इन्स्पेक्टर गाडीत बसून स्वतःची कॉफी पीत होता. परत आला, मोजलं, सही केली. ताईने आधीपासून चिवड्याची बशी धरलेली होती. सही होईपर्यंत त्याने तिच्याकडे बघितलंही नाही, आणि सही झाल्यावर उभ्याउभ्या दोन बश्या संपवल्या.

संध्याकाळी फळी काढली आणि आम्ही दारातून सरळ चालत बाहेर जाऊन बसलो. दहा मिनिटं बसलो असू. मग डबक्याकडून डास आले.

"यावर छप्पर घालून बाजूने जाळी मारली तर?" ताई पायाला चापट मारत म्हणाली.

दाजींनी खिशातून पेन्सिल काढली. "छप्पर म्हणजे बर्फाचं वजन आलं. या खांबांना ते पेलायचं नाही. पाया रुंद लागेल."

"म्हणजे पुन्हा खड्डे?" मी विचारलं.

"आधी डबक्याची सभा," दाजी म्हणाले. "पाव्हणं, तुमचं परतीचं तिकीट बदलता येतं ना?"