कळवळ्याला हमीभाव

माढा तालुक्यातला ऊस पुण्याला जात नाही, तो इथंच गाळला जातो. पुण्याला जातात ती पोरं. पदवी पदरात पडली की कुर्डुवाडीला गाडीत बसायचं आणि सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर जागा, अभ्यासिकेत खुर्ची नि मेसचा डबा एवढ्या भांडवलावर साहेब व्हायचं.

लेशपाल जवळगे त्यातलाच. 27 जून 2023 ला सदाशिव पेठेत एक तरुण कोयता घेऊन एका मुलीच्या मागं लागला. ती मदत मागत जिवाच्या आकांतानं पळत होती. पेरुगेट पोलीस चौकी हाकेच्या अंतरावर, पण चौकीत हाकेला ओ द्यायला कोणी नव्हतं. रस्त्यावर माणसं होती. पुण्यात ती कधी नसतात? लेशपालनं धावत जाऊन कोयता धरला, हर्षद पाटील आणि आणखी कोणी मदतीला आले, मुलगी वाचली. हाकेला धावणारे असे बोटांवर मोजण्याइतके. नंतर मुलीची जात कोणती, मुलाची कोणती, हे शोधायला मात्र झुंबड! अखेर या संशोधकांची कानउघाडणीही लेशपाललाच करावी लागली.

आमच्या मते पोरानं अभ्यासक्रम नीट वाचलेला नसावा. यूपीएससीला 2013 पासून नीतिशास्त्राचा 250 गुणांचा स्वतंत्र पेपर आहे. अनोळखी माणूस संकटात दिसला तर आधी हितसंबंधी कोण ते लिहायचं, मग पर्याय, प्रत्येकाचे फायदे-तोटे, शेवटी समतोल निष्कर्ष. थेट कोयत्याला हात घालण्याला गुण नाहीत.

शहर या बाबतीत शिस्तीचं. जानेवारी 2025 मध्ये येरवड्यात एका कंपनीच्या पार्किंगमध्ये सहकाऱ्यानं तरुणीवर वार केले. भोवती बरीच मंडळी उभी होती. सुरक्षित अंतर पाळलं गेलं, चित्रीकरणही झालं. हल्लेखोरानं हत्यार टाकलं, तेव्हा कुठं जमावाच्या अंगात शौर्य संचारलं. तरुणी वाचली नाही.

सरकारनं हे दुखणं ओळखून कळवळ्याला हमीभाव दिलाय. अपघातातल्या जखमीला वेळेत दवाखान्यात पोचवणाऱ्याला 2021 मध्ये 5,000 रुपये जाहीर झाले, 2025 मध्ये 25,000. चार वर्षांत पाचपट! उजनीच्या पाण्यावरच्या कुठल्या पिकानं असा भाव पाहिलाय? उसाच्या पहिल्या उचलीसाठी रस्त्यावर बसणाऱ्यांनी तर या मालाचा जरूर विचार करावा: पाणी लागत नाही, तोडणीची टोळी लागत नाही. मदत करणाऱ्यावर खटला भरता येऊ नये म्हणून मोटार वाहन कायद्यात 134अ कलमही घातलंय. पण ‘कशाला लचांड मागं लावून घेता?’ हे कलम त्याहून जुनं आणि कुठल्याही दुरुस्तीशिवाय चालू आहे.

माढेकरांनी लगेच मिशीला पीळ देऊ नये. टेंभुर्णीजवळ हायवेला गाडी उलटली की आपल्याही मोटारसायकली थांबतात, आपलेही हात खिशात जातात. हात 108 फिरवायला गेला की ‘लाइव्ह’ जायला, ते मागच्याला कळत नाही.

पारावरच्या आबांना अजून जुन्या चौकशा सुचतात. “आरं, त्या जखमीला कुणी उचललं का न्हाई?”

“उचललं की आबा,” नातू मोबाइलमधून मान वर न काढता सांगतो, “शंभर जणांनी. स्टेटसला.”