पाठिंबा ठाण्याच्या पुढे मिळेल

6 मार्च 2018 ला नाशिकच्या सीबीएस चौकातून किसान सभेचा लाँग मार्च निघाला, तेव्हा मोठ्या पक्षांना त्याचे फारसे काही वाटले नाही. सुरगाणा, पेठ, दिंडोरीकडची माणसे डोक्यावर लाल टोपी घालून चालत निघाली होती. मागणी जुनी: कसतो ती वनजमीन नावावर करा. वनहक्क कायदा 2006 चा, सातबारा मात्र तेव्हाही वनखात्याचाच.

कसारा घाट उतरेपर्यंत तळपायांना फोड आले आणि पक्षांना कळवळा. ठाण्यात एकनाथ शिंदे भेटले, सोमय्या मैदानावर आदित्य ठाकरे आले, राज ठाकरेही आले. काँग्रेस आणि राष्ट्रवादीचा पाठिंबा होताच. शिवसेनेची कसरत तर पाहण्यासारखी. तिचे मंत्री सरकारात बसलेले आणि पाठिंबा सरकारविरुद्धच्या मोर्चाला! शिंदे स्वतःच मंत्री. म्हणजे निवेदन घेणारेही तेच आणि घोषणांना मान डोलावणारेही तेच. भाजपच्या पूनम महाजनांना मात्र त्या भेगाळलेल्या पायांत शहरी माओवाद दिसला. सुरगाण्याला शहराचा दर्जा मिळाला तो एवढाच.

दहावीच्या पोरांची परीक्षा चुकू नये म्हणून मोर्चेकरी रात्रीतूनच चालत आझाद मैदानात पोहोचले. त्यांना पाणी, जेवण, चपला दिल्या त्या साध्या मुंबईकरांनी. सरकारने लेखी आश्वासन दिले, वनहक्क दाव्यांसाठी सहा महिन्यांची मुदत घातली आणि परतीसाठी खास रेल्वेगाड्याही सोडल्या. गाड्या वेळेवर सुटल्या.

सहा महिने उलटले. फेब्रुवारी 2019 मध्ये लोक पुन्हा निघाले. या वेळी सरकार शहाणे झाले होते. मंत्री गिरीश महाजन नाशिकजवळच लेखी आश्वासन घेऊन हजर. मोर्चा ठाण्यापर्यंत आलाच नाही, तर पाठिंबा द्यायचा कुठे? मार्च 2023 मध्ये दिंडोरीहून निघालेला मोर्चा वाशिंदला थांबला. 2018 ला ठाण्यात स्वागत करणारे शिंदे आता मुख्यमंत्री होते. मागण्यांत वनजमीन होतीच, शिवाय भाव पडलेला कांदा.

राहता राहिले किसान सभेचे नेते जे. पी. गावित. 2018 ला आमदार असून मोर्चाबरोबर चाललेले. 2019 च्या विधानसभेला ते कळवणमधून पडले. निवडून आला तो राष्ट्रवादीचा उमेदवार, मोर्चाला पाठिंबा देणाऱ्या पक्षाचा.