जन्मतःच फडकं

पावसाळ्यात मढेघाट बघून पुण्याला परतणाऱ्या गाड्या बघाव्यात. दारापर्यंत तांबडा चिखल, आणि तो पुसायची कुणाची इच्छा नसते. सोमवारी ऑफिसच्या पार्किंगमध्ये मिरवायचा असतो. आमच्या भोरला चिखलाचं एवढं अप्रूप नाही. भातलावणीच्या दिवसांत ट्रॅक्टरची लोखंडी चाकं तो खाचरातून डांबरी रस्त्यावर घरपोच आणून टाकतात. त्यामुळे इथे प्रतिष्ठा असलीच तर चकाकत्या गाडीत. निदान मी तरी तसं ठरवलंय. मोठी गाडी घेणं परवडत नाही, छोटी चमकवणं परवडतं.

वॉशिंग सेंटरला मी जात नाही. तिथला पोरगा ज्या फडक्याने चाकं पुसतो त्यानेच बॉनेट पुसतो आणि वर आपुलकीने विचारतो, "आजोबा, खालून डिझेल मारू का?" यातलं डिझेल मी सहन केलं असतं.

गाडीच्या रंगावर जो पारदर्शक थर असतो, तो साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे केसाहूनही पातळ. केस विरळ होत गेलेल्या माणसाला ही माहिती फार लागते. ती कळल्यापासून अंगणात दोन बादल्या असतात. एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी. दुसरीच्या तळाशी जाळी, म्हणजे हातमोज्यातली कचकच खाली बसते आणि परत वर येत नाही. सुरुवात टपापासून, चाकं शेवटी. उन्हात धुवायचं नाही, साबण वाळून डाग पडतात. कपड्यांची पावडर नको, ती पॉलिशचं मेण उतरवते. कावळ्याने प्रसाद टाकला तर खरवडायचा नाही. ओलं फडकं ठेवून भिजवायचा.

फडकं म्हटलं की मला थांबावंच लागतं. आमच्या घरात कापडाला निवृत्ती नाही. शर्ट आधी बाहेरचा असतो, मग घरातला होतो, मग झोपताना घालायचा. एखाद्या दिवाळीच्या साफसफाईत त्याच्या बाह्या जातात आणि तो फडकं होतो. फडक्यांतही पुन्हा उतरंड आहे: ओट्याचं, टेबलाचं, पंख्याचं, फरशीचं आणि सगळ्यात खाली सायकलच्या साखळीचं. वरून खाली जाता येतं, खालून वर नाही. बनियनला तर मधल्या पायऱ्याही नाहीत, तो अंगावरून थेट मोटारसायकलवर जातो. जुनी सुती साडी तेवढी गोधडीत शिरून अब्रू वाचवते. मायक्रोफायबर हे माझ्या बघण्यातलं पहिलं कापड, जे जन्मतःच फडकं असतं आणि तरी शर्टापेक्षा जास्त मान मागतं. त्याचे चिरलेले धागे धूळ ओढून आत धरून ठेवतात, म्हणून सुती कपड्यांबरोबर धुवायचं नाही, त्यांचा तूस चिकटतो. कंडिशनर चालत नाही, इस्त्री तर नाहीच. मी या फडक्यांना वेगळी दोरी बांधून दिली आहे. निळी काचांसाठी, पिवळी पत्र्यासाठी, करडी चाकांसाठी, प्रत्येकाला कपाटात कप्पा. बायको एकदा त्या दोरीखाली उभी राहून म्हणाली, "अहो, माझी पैठणी कुठल्या कप्प्यात आहे, सांगता?" मला सांगता येईना. पुढे दूध उतू गेलं तेव्हा तिने नेमकं पिवळं वापरलं. हा योगायोग नव्हता.

मे महिन्यात आत्या आली. भाटघर धरणाच्या फुगवट्याच्या वरच्या अंगाला तिची वाडी. मी पाइप सोडून बॉनेटवरचा फेस उतरवत होतो. ती पायरीवर बसून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "टँकर कवा येतो रं तुमच्याकडं?"

"इथे नळ आहे, आत्या."

"मंग बरं हाय."

आता हे ऐकून कुणाच्या हातातला पाइप ताठ राहील? वेळवंडी नदीवरचं भाटघर 1928 साली पुरं झालं. त्याच्या पाण्यावर नीरेचे कालवे बारामती-फलटणकडचा ऊस पोसतात. पलीकडे वेल्ह्यातलं पानशेत-वरसगाव पुण्याची तहान भागवतं. पाऊस आमच्या डोंगरांवर कोसळतो, काळा खडक तो धरून ठेवत नाही, सगळा उतरून धरणात जातो. वरच्या वाडीला उन्हाळ्यात ते पाणी रोज दिसतं आणि हंड्यात टँकरचं येतं. वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायचं राज्य मंत्रिमंडळाने मार्च 2024 मध्ये ठरवलं. आनंदच आहे, पण पाटी नळाच्या आधी पोचली नाही तर मी फडकी जाळीन. त्याच मार्चमध्ये बंगळुरूत पिण्याच्या पाण्याने गाडी धुणाऱ्यांना 5000 रुपये दंड लागला. आमच्याकडे तो आत्या वसूल करते.

"ती नळी ठेव आधी. तांब्या घे," ती म्हणाली. "आन् गाडी त्या अळवाकडं सरकव. फेसाची बादली तिकडं लांब, ही साध्या पाण्याची अळवाला."

"आत्या, यात शाम्पूचा अंश असतो."

"तुझ्या गाडीला चालतं न्हवं? मंग अळवाला काय धाड भरलीय?"

पाइप तेव्हापासून खुंटीला आहे. गाडी तांब्याने धुतो, कमी चमकते असं मला वाटतं, बायकोला फरक कळत नाही. अळू मात्र असं माजलंय की पानं सुपाएवढी. शेजारी रोज कुणी ना कुणी वडीसाठी पानं मागायला येतं. बॉनेटवर हात टेकवून, अळवाकडे बघत, निवांत गप्पा मारतं आणि पाच बोटं उठवून जातं.