श्री. तांत्रिक कारण यांस खुले पत्र

प्रति,
श्री. तांत्रिक कारण,
मुक्काम : चौकशी खिडकीचा फळा,
जि. छत्रपती संभाजीनगर

विषय : शाळेच्या वेळेची एसटी नेमाने रद्द केल्याबद्दल अभिनंदन.

महोदय,
सा. न. वि. वि.

पत्र खुलं लिहावं लागतंय, कारण ते कोणाच्या हाती द्यायचं हेच कळत नाही. खिडकीवर विचारलं तर ‘वर विचारा’, वर गेलं तर साहेब दौऱ्यावर. फळ्यावर तुम्ही मात्र खडूनं कायम हजर : ‘तांत्रिक कारणास्तव फेरी रद्द’.

तुमच्या यंत्राचं कौतुक वाटतं. आषाढीला ते पंढरपूर गाठतं, गणपतीत कोकणाचे घाट चढतं, लग्नसराईत प्रासंगिक करारावर वऱ्हाड वाहतं, सभा असली की मैदानावर वेळेआधी उभं राहतं. बिघडतं ते फक्त शाळा भरायच्या वेळेला. एवढं घड्याळ कळणारं इंजिन जगात दुसरं नसेल.

‘प्रवासी कमी’ म्हणून फेरी बंद करणारे आपले धाकटे बंधू श्री. अल्प भारमान यांनाही नमस्कार. राज्य सरकारच्या अहिल्याबाई होळकर योजनेत पाचवी ते बारावीच्या मुलींना पास मोफत. फुकट बसणारीचं वजन त्यांच्या काट्यावर भरत नसावं.

एकदा फाट्यावर या. लिंबाखाली मुली उभ्या असतात, पास प्लास्टिकच्या पाकिटात, पाकीट दप्तराला पिनेनं टाचलेलं. गाडीऐवजी काळी-पिवळी जीप येते. मुलं मागच्या शिडीला लटकून जातात. नववीतली एक जण पास चाचपते, जीपवाला पास घेत नाही, ती घरी वळते. दिवाळीनंतर ती थेट कापसाच्या रानात दिसते. पासची मुदत मात्र अजून संपलेली नसते.

तुमचा सगळा संसार आमच्या समजूतदारपणावर चाललाय, हे आम्हाला उशिरा कळलं. आम्ही फोन करायचो, चार शिव्या घालायचो आणि मोटारसायकलला किक मारून पोरांना सोडून यायचो. कागदावर तक्रार शून्य, म्हणजे गाडीची गरजही शून्य!

म्हणून आता एक शंभर पानी वही आणली आहे. तारीख, फेरीची वेळ, गाडी आली की नाही, किती पासधारक उभे होते, एवढं रोज लिहायचं. मुख्याध्यापकांकडून शाळेच्या वेळेचं पत्र आणि गावनिहाय विद्यार्थीसंख्या घ्यायची. ग्रामसभेत ठराव करायचा. शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. हे पालक आजवर फक्त सहीपुरते होते, तेही आता बोलणार आहेत. अर्ज आगारप्रमुखांना, प्रत विभाग नियंत्रक आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना. मुलींसाठी निळ्या गाड्या देणाऱ्या मानव विकास मिशनचं आयुक्तालय तर छत्रपती संभाजीनगरातच आहे, त्यांनाही एक प्रत. शिवाय माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज : तीन महिन्यांत या मार्गावरच्या किती फेऱ्या रद्द झाल्या, त्या दिवशी ती गाडी कुठे होती? उत्तराला मुदत ३० दिवस. तोवर तुम्ही नवं नाव शोधून ठेवा.

कागदानं काय होतं, म्हणाल. २०२१मध्ये तेलंगणातल्या रंगारेड्डी जिल्ह्यातल्या आठवीच्या मुलीनं थेट सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं आणि तिच्या गावची बंद पडलेली गाडी सुरू झाली. आपल्याच गंगापूर तालुक्यातल्या भिवधानोऱ्याची पोरं जायकवाडीच्या फुगवट्यातून थर्माकोलवर बसून शाळेला जायची. २०२३मध्ये ते छापून आलं आणि उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. तिथे तुमचं नाव सांगून भागलं नसतं.

कळावे, लोभ नसावा.

आपली,
एक पालक

ता. क. : अर्ज घेऊन आलेल्या बायांना शिक्का मारून पोच द्यावी. पोच मिळाल्याशिवाय त्या हलणार नाहीत. हलून जाणार कुठे? परतीची फेरीही तुम्हीच रद्द केली आहे.