साडूंचं सातवं डिस्नेलँड

जगात डिस्नेची रिसॉर्ट सहा आहेत आणि त्यांतली पाच आमच्या साडूंनी पाहिली आहेत. शांघाय तेवढं राहिलंय, आणि चीनचा विषय निघाला की ते दुखऱ्या दाढेला जीभ लागल्यासारखा चेहरा करतात. निवृत्तीनंतर लोक ज्ञानेश्वरी उघडतात, सोसायटीच्या सेक्रेटरीशी भांडण उकरतात. साडू टूर कंपनीची टोपी घालून पाळण्यांच्या रांगेत उभे राहतात. त्यामुळे विषय कुठलाही काढा, गाडी कॅलिफोर्नियाला लागते. कोलकात्यातल्या आमच्या सॉल्ट लेकच्या फ्लॅटमध्ये सकाळी पाणी गेलं तर म्हणाले, "अहो, पहिलं डिस्नेलँड उघडलं ना, १७ जुलै १९५५, त्या दिवशीसुद्धा पिण्याच्या पाण्याचे नळ कोरडे. प्लंबरांचा संप!"

हे खरं आहे. त्या रविवारी बनावट तिकिटं घेऊन हजारो माणसं आत घुसली, उन्हाने ताजं डांबर मऊ पडलं आणि बायकांच्या टाचा त्यात रुतल्या. पण मला आंघोळ करून ऑफिसला जायचं होतं.

२०२३च्या ऑक्टोबरात साडू आणि मेव्हणी दुर्गापूजेसाठी आमच्याकडे उतरली. मेव्हणीला देवी बघायची होती. साडूंना कोलकात्यात 'बघण्यासारखं' काय आहे ते तपासायचं होतं. व्हिक्टोरिया मेमोरियल त्यांनी टॅक्सीतूनच पाहिल्यासारखं केलं. मग मी हुकमी पान टाकलं: निक्को पार्क.

हे पार्क १३ ऑक्टोबर १९९१ ला सुरू झालं. तेव्हा इथे कम्युनिस्ट ज्योती बसूंचं राज्य होतं. कामगार-शेतकऱ्यांच्या सरकारने निक्को या खाजगी कंपनीबरोबर भागीदारी करून पाळण्यांची बाग काढली आणि पाळण्यांचं तंत्र आणलं इंग्लंडमधल्या ब्लॅकपूलहून. भांडवलाचा इतका गोलगोल फिरणारा उपयोग मार्क्सलाही सुचला नसता. बंगाली माणूस या जागेला 'बंगालचं डिस्नेलँड' म्हणतो. साडूंनी टॉय ट्रेन पाहिली, तळं पाहिलं, लाकडी रोलर कोस्टरखाली उभं राहून वरच्या किंकाळ्या ऐकल्या आणि निकाल दिला, "आपल्या एस्सेलवर्ल्डचं धाकटं भावंड." तारखेच्या हिशेबाने बरोबर आहे. गोराईचं एस्सेलवर्ल्ड १९८९चं.

न्यू टाऊनच्या इको पार्कमध्ये मात्र ते खुलले. ४८० एकरांच्या या बागेत एका भागात जगातली सात आश्चर्यं मांडून ठेवली आहेत: पिरॅमिड, ताजमहाल, कोलोसियम, चीनची भिंत, पेत्रा, रिओचा येशू आणि ईस्टर बेटावरचे दगडी पुतळे. साडू रोमहून निघाले, वाटेत लेबू चा घेतला आणि घाम पुसायच्या आत जॉर्डनला पोचले. चिनी भिंतीपाशी फोटो काढून घेतला तो जरा जास्तच गंभीर चेहऱ्याने. पिरॅमिडपुढे म्हणाले, "हे बरंय. उंटवाला मागे लागत नाही."

पण खरी परीक्षा लेक टाऊनला होती.

लेक टाऊनच्या श्रीभूमी स्पोर्टिंग क्लबला पूजेच्या मांडवासाठी दरवर्षी जगातली एखादी वास्तू हवी असते. २०२१ मध्ये त्यांनी बुर्ज खलिफा उभारला. त्याचे लेझर झोत विमानतळावर उतरणाऱ्या वैमानिकांच्या डोळ्यांवर यायला लागले, तक्रार झाली आणि लेझर बंद करावे लागले. २०२२ मध्ये व्हॅटिकन आलं. क्लबचे कर्तेधर्ते सुजित बोस हे तेव्हा राज्याचे अग्निशमनमंत्री होते. बांबू, कापड आणि विजेच्या लाखो दिव्यांचा मामला बघता हे खातं योग्य हाती होतं असंच कोणीही म्हणेल. आणि २०२३ मध्ये या क्लबने आणलं पॅरिसचं डिस्नेलँड.

साडूंना हे सांगितलं तेव्हा कोथरूडमध्ये कोणी नकली पैठणी नेसून आल्यावर आपल्या घरच्या बायका जशा बघतात तसे ते बघू लागले. "पॅरिसचं मी बघितलंय," ते म्हणाले. "चुका मला लगेच दिसतील."

आमच्या शेजारच्या बौदींना, म्हणजे वहिनींना, तर त्याआधीच दिसल्या होत्या. त्या उत्तर कोलकात्याच्या; त्यांच्या मते पूजा म्हणजे बागबाजारची साबेकी, म्हणजे पारंपरिक, मूर्ती; बाकी सगळा बाजार. पॅरिसकरही १९९२ मध्ये अस्सेच चिडले होते. आरियान म्नुश्किन या नाट्यदिग्दर्शिकेने त्यांच्या गावच्या डिस्नेलँडला 'सांस्कृतिक चेर्नोबिल' ठरवलं होतं. तरी लोक जातातच. बौदीही आमच्याबरोबर निघाल्या; 'फक्त गर्दी बघायला'.

गर्दी होती. फ्लोरिडाच्या डिस्नेत जादा पैसे मोजले की रांग तोडता येते. इथे व्हीआयपी पास लागतो आणि तो ओळखीने मिळतो. माझी ओळख बँकेच्या वॉचमनपर्यंतच पोचते, म्हणून आम्ही व्हीआयपी रोडवर सामान्य माणसांसारखे उभे राहिलो. साडूंनी खिशातून बाकरवडी काढली. पुढच्या कुटुंबाने त्यांना फुचक्याचा आग्रह केला. आम्ही मराठी कळल्यावर त्यांतले आजोबा मिश्कीलपणे म्हणाले, "ओ, बर्गी!" साडूंना कळेना. मग मी सांगितलं, की १७४२ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या स्वारांच्या, म्हणजेच बर्गींच्या, भीतीने कोलकातेकरांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला, तो पुरता झालाच नाही आणि मराठे इथवर आलेही नाहीत. "म्हणजे खास आपल्यासाठी एवढं बांधलं आणि आपण गेलो नाही?" साडू हळहळले. न पाहिलेलं स्थळ म्हटलं की त्यांना वाईट वाटतं.

अखेर टोकदार मनोरे दिसले. साडूंनी मान वर करून एकेक कळस तपासला. "डावीकडचा जरा जाड झालाय," ते म्हणाले, पण एवढंच. आत शिरलो तर स्वयंसेवक शिट्टी मारत ओरडत होते, "दांडाबेन ना, एगिये जान!" लालबागला हेच मराठीत ऐकलेलं असल्यामुळे भाषांतराची गरज पडली नाही.

आणि समोर देवी. पॅरिसच्या किल्ल्यात झोपलेल्या राजकन्येची गोष्ट रंगीत काचांवर दाखवली आहे आणि ड्रॅगन तळघरात साखळीने बांधलाय. दोघांची गाठ पडू नये अशी चोख व्यवस्था. इथे महिषासुर थेट बाईच्या पायाखाली होता, भाला छातीत घुसलेला. राजपुत्राची सोय केलेली नव्हती. गरजही दिसली नाही. मेव्हणीने हात जोडले आणि साडूंना कोपराने ढोसलं. त्यांनीही जोडले. "राइड नाही का काही?" एवढं मात्र बाहेर पडताना विचारलंच.

दसऱ्यानंतर किल्ला उतरला, बांबू डेकोरेटरकडे परत गेले आणि २०२४ मध्ये त्याच जागी तिरुपतीचं बालाजी मंदिर उभं राहिलं. मे २०२५ मध्ये डिस्नेने आपलं सातवं रिसॉर्ट अबुधाबीच्या यास बेटावर होणार असं जाहीर केलं. साडूंनी मला फोन करून कळवलं, "सातवं म्हणे! आठवं म्हणा." बौदींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अबुधाबीत पाच दिवसांत पाडतील का?"

तुम्ही येणार असाल तर महालया झाली की लगेच या. श्रीभूमीचा मांडव तोवर उघडलेला असतो आणि सप्तमीची चेंगराचेंगरी टळते. पूजेच्या मुख्य दिवसांतच आलात तर मेट्रो जवळजवळ रात्रभर धावते, तिचा फायदा घ्या. लेसचे बूट घालू नका. सुटलेली लेस बांधायला वाकायला जागा मिळत नाही. आणि परतीचं विमान असेल तर काहीही झालं तरी व्हीआयपी रोडने जाऊ नका. न्यू टाऊनमार्गे जा.