घड्याळाशेजारची घुसखोरी

मावशीचा फोन रात्री साडेनऊला आला. "अरे, कॉम्प्युटरच्या खालच्या कोपऱ्यात लाल गोळा आलाय. आत पांढरी फुली. तुमचा संगणक धोक्यात आहे म्हणतो. मी काही दाबलं नाही, पण मला आता झोप लागायची नाही."

मावशी डोंबिवलीत एकटी राहते. वय बहात्तर, शाळेत गणित शिकवण्यात आयुष्य गेलं. त्या कॉम्प्युटरवर सोसायटीचा हिशेब आहे, पेन्शनचे कागद आहेत आणि काकांचे सगळे फोटो आहेत. दुपारी तिने जवळच्या दुरुस्तीवाल्याला विचारलं होतं. तो म्हणाला, व्हायरस असेल, फॉरमॅट मारावं लागेल. फोटोंचं काय, तर "ते बघू".

एका आयकॉनसाठी फॉरमॅट! असा सल्ला सहज दिला जातो आणि लोकांचे फोटो, हिशेब, पत्रं कायमची जातात. आयकॉन घालवायला फॉरमॅटची गरज क्वचितच पडते. दुरुस्ती करणाऱ्याने आधी आयकॉन कोणाचा आहे ते पाहिलं पाहिजे. ते दोन मिनिटांचं काम आहे.

रविवारी मी गेलो. लाल गोळा व्हायरस नव्हताच. कॉम्प्युटर घेतला तेव्हा त्यात मुदतीपुरतं फुकट मिळालेलं एक अँटिव्हायरस होतं, त्याची मुदत संपली होती. गोळ्यावर क्लिक केलं की खिडकी उघडायची आणि खिडकीत दोन बटणं असायची. एक, आत्ता पैसे भरा. दुसरं, नंतर आठवण करा. "नको" कुठेच नव्हतं.

माझं सगळं भांडण या न दिलेल्या तिसऱ्या बटणाशी आहे.

दारावर आलेल्या विक्रेत्याला आपण "नको" म्हणतो, तो पुढच्या दारी जातो. इथे विक्रेता घरात राहतो, रोज सकाळी आपल्या आधी उठतो आणि "नको" हा शब्दच त्याने आपल्या तोंडातून काढून घेतलेला असतो.

मग आम्ही तो घालवला. कसा, ते सांगतो, कारण अशा कोपऱ्याला घाबरणारी एकटी माझी मावशी नाही. आधी माउसचा बाण आयकॉनवर नुसता धरायचा, क्लिक नाही. बहुतेक वेळा नाव दिसतं. कधी बाण नेताच आयकॉन नाहीसा होतो. तो कार्यक्रम मध्येच बंद पडलेला असतो आणि मागे नुसती खूण उरलेली असते, तिथे काही करायला नको. नाव कळलं नाही तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबायचं. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात स्टार्टअपची यादी असते, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताच न विचारता जे जे जागं होतं त्याची हजेरी. संशयिताच्या नावावर राइट क्लिक केलं की फाइल कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते पाहता येतं, तिथेच फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सही कोणाची आहे तेही बघता येतं. ओळख पटली आणि तो नको असला की स्टार्टअपमधून डिसेबल करायचा आणि सेटिंग्जमधल्या अ‍ॅप्सच्या यादीतून अनइन्स्टॉल.

मावशीकडे हे सगळं केलं, रिस्टार्ट केलं, तरी गोळा जागेवर. अनइन्स्टॉल करूनही त्याची एक सेवा मागे चालू राहिली होती. ती काढायला त्याच कंपनीचं वेगळं साधन उतरवून घ्यावं लागलं. चाळीस मिनिटं गेली. पाहुण्याला घालवायला पाहुण्याकडूनच किल्ली मागायची! अँटिव्हायरस गेल्यावर विंडोजमधलं डिफेंडर आपोआप चालू झालं. ते आधीपासून कॉम्प्युटरमध्येच होतं आणि त्याला पैसे पडत नाहीत. लाल गोळ्याने ही गोष्ट मावशीला एकदाही सांगितली नव्हती.

आणखी एक फसवणूक सांगायला हवी. टास्कबारच्या सेटिंग्जमध्ये आयकॉनपुढचं बटण बंद केलं की आयकॉन दिसेनासा होतो आणि लोक सुटकेचा श्वास सोडतात. पण तो फक्त लपलेला असतो. कार्यक्रम चालूच राहतो, मेमरी खातो, नेट वापरतो. पाहुण्याची बॅग दिवाणाखाली सारली म्हणून पाहुणा गावाला जात नाही.

हा कोपरा मुळात कशासाठी होता? २४ ऑगस्ट १९९५ ला विंडोज ९५ बाजारात आलं, त्याच्याबरोबर टास्कबार आला आणि उजव्या टोकाला घड्याळाशेजारी ही छोटी जागा. छपाई चालू आहे, आवाज किती आहे, मोडेम जोडलाय, असं मालकाला गुपचूप कळवायची जागा. विचार शहाणा होता. मालकाच्या सोयीची जागा बघता बघता विकणाऱ्याच्या सोयीची झाली.

आणि हे करणाऱ्यांत खुद्द मायक्रोसॉफ्ट पुढे होती. २०१५ मध्ये केबी ३०३५५८३ नावाचं एक अपडेट आलं आणि विंडोज ७ आणि ८.१ वापरणाऱ्यांच्या घड्याळाशेजारी पांढऱ्या झेंड्यासारखी खूण उगवली, विंडोज १० फुकट घ्या म्हणून. कित्येकांच्या कॉम्प्युटरवर काही गिगाबाइटच्या फाइली न विचारता उतरवून ठेवल्या गेल्या. मोजून डेटा विकत घेणाऱ्याच्या खिशातून त्याचे पैसे गेले. २०१६ च्या मे महिन्यात तर कहर झाला. खिडकी बंद करायची म्हणून लोक कोपऱ्यातली फुली दाबत होते आणि अपग्रेडची ठरलेली वेळ मात्र तशीच राहत होती. फुली म्हणजे "नको" हे जगाला याच कंपनीने वीस वर्षं शिकवलं होतं. कॅलिफोर्नियातल्या एका छोट्या व्यावसायिक बाईंचा कामाचा कॉम्प्युटर अशा अपग्रेडने बिघडला, त्या कोर्टात गेल्या आणि कंपनीला त्यांना १०,००० डॉलर द्यावे लागले. नकाराचं स्वच्छ बटण शेवटी जून २०१६ च्या अखेरीस आलं. योजना संपणार होती २९ जुलैला. वर्षभर लोकांना पिडून झाल्यावर, शेवटच्या महिन्यात!

कोणी म्हणेल, एवढ्याशा खुणेवर इतकं का चिडायचं. चिडायचं, कारण या खुणांनी लोकांना एक सवय लावली आहे. कोपऱ्यात लाल दिसलं की घाबरायचं आणि घाबरलं की दाबायचं. या तयार जमिनीवर भामट्यांनी पेरणी केली. नकली अँटिव्हायरसच्या टोळ्या नेमका हाच वेश घेतात: तोच लाल रंग, तीच फुली, तोच धोक्याचा इशारा. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००८ मध्ये अशा एका टोळीला कोर्टात खेचलं. दहा लाखांहून जास्त लोकांनी नसलेले व्हायरस काढायला पैसे मोजले होते. २०१२ मध्ये कोर्टाने १६ कोटी ३० लाख डॉलरचा निकाल दिला. आता या फसवणुकीचा नवा अवतार ब्राउझरमधून येतो. एखाद्या वेबसाइटने "परवानगी द्या" म्हटलं, आपण घाईत दिली, की तिच्या जाहिराती व्हायरसच्या इशाऱ्याचं सोंग घेऊन त्याच कोपऱ्यात टपकतात. ब्राउझरच्या सेटिंग्जमधल्या नोटिफिकेशनच्या यादीतून त्या वेबसाइटचं नाव काढलं की त्या थांबतात. त्या खिडकीत दिलेल्या नंबरावर मात्र कधीही फोन करायचा नाही.

मावशीचा गोळा आणि भामट्यांचा गोळा शेजारी ठेवले तर कोणता खरा, कोणता खोटा, हे चांगल्या जाणत्यालाही एका नजरेत सांगता येणार नाही. परवाना असलेल्या कंपनीने भामट्यासारखं दिसायचं ठरवलं, ही तिची निवड आहे. त्याची किंमत रात्री जाग्या राहणाऱ्या माणसाने मोजायची?

आपल्याकडे नियम नाही असं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात ग्राहकाला फसवणाऱ्या किंवा जेरीस आणणाऱ्या तेरा तऱ्हा मोजल्या आहेत. व्यवहार व्हावा म्हणून पुन्हा पुन्हा टोकत राहणं ही त्यातली एक. व्हायरसची खोटी भीती घालून पैसे उकळणं ही आणखी एक. मावशीचा गोळा पहिल्या तऱ्हेत चपखल बसतो असं माझं मत आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे आणि अशा तक्रारी तिथे गेल्या पाहिजेत. आयकॉनची कसली तक्रार, म्हणून आपण गप्प बसतो आणि तेच कंपन्यांना हवं असतं.

कायद्याचा धाक असला की काय होतं ते युरोपात दिसलं. तिथला डिजिटल मार्केट्स कायदा आला आणि विंडोजमधून एज ब्राउझर अनइन्स्टॉल करायची सोय तिथल्या ग्राहकाला मिळाली. कॉम्प्युटर पहिल्यांदा सुरू करताना आपण कुठला देश निवडला, त्यावरून ही सोय मिळते की नाही ते ठरतं. म्हणजे बटण बनवून तयार आहे. पॅरिसमध्ये दाबता येतं, परभणीत येत नाही.

निघताना मावशीच्या टास्कबारवर घड्याळ, आवाज आणि नेट एवढंच उरलं होतं. तिने काकांचे फोटो उघडून दाखवले, सगळे जागेवर होते. मी घरी पोचतो तोच तिचा फोन.

"अरे, घड्याळाशेजारी वर तोंड केलेला एक छोटा बाण आहे. तो दाबला. आत अजून सात जण बसलेत."

"मावशी, काही दाबू नकोस. नावं लिहून ठेव. येत्या रविवारी येतो."

"नावं लिहिलीत," ती म्हणाली. "चार जणांना मी ओळखत नाही."